जिभेची साक्ष : खाद्य कीटकांच्या चव-वर्णनांचा एक ऐतिहासिक विचार

गोषवारा

जगाच्या अनेक भागांत कीटक हा प्राचीन काळापासून माणसाच्या आहाराचा भाग राहिला आहे. या आहाराची चव, वास व स्पर्श यांची जी लिखित वर्णने उपलब्ध आहेत, त्यांपैकी बहुतेक कीटक नित्य न खाणाऱ्या लेखकांची आहेत. प्रस्तुत लेखात ॲरिस्टॉटलपासून फाब्रपर्यंतच्या काही निवडक वर्णनांची ऐतिहासिक साधने म्हणून तपासणी केली आहे. चवीच्या वर्णनातील उपमा ही वर्णिलेल्या पदार्थाइतकीच वर्णन करणाऱ्याच्या ताटाची, हेतूची व वाचकवर्गाची साक्ष देते, असे येथे प्रतिपादन केले आहे. अखेरीस मध्य भारतातील तांबड्या मुंग्यांच्या चटणीच्या संदर्भात, खाणाऱ्यांची स्वतःची शब्दसंपदा नोंदविण्याची निकड मांडली आहे.

बीजसंज्ञा : आहाराचा इतिहास, खाद्य कीटक, चव-वर्णन, उपमा, प्रवासवर्णन, मौखिक इतिहास.

प्रास्ताविक

आहाराच्या इतिहासाची साधने विपुल आहेत. धान्याचे भाव, कोठारांच्या नोंदी, दुष्काळाचे अहवाल, धर्मशास्त्रातील भक्ष्याभक्ष्य विचार, पाकशास्त्रावरील ग्रंथ, उत्खननात सापडलेली भांडी आणि बिया अशा नानाविध साधनांवरून एखाद्या काळातील माणसे काय खात होती, किती खात होती आणि काय खात नव्हती, हे बऱ्याच अंशी सांगता येते. परंतु ते अन्न त्यांना लागत कसे होते, या प्रश्नाला ही साधने क्वचितच उत्तर देतात. चव ही खाणाऱ्याबरोबरच नाहीशी होणारी गोष्ट आहे. ती मागे ठेवते ते फक्त शब्द.

हे शब्द कोणाचे, हा प्रश्न कीटकाहाराच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो. आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया व अमेरिका या खंडांतील असंख्य समाजांनी टोळ, वाळवी, मुंग्या, अळ्या व कोष शतकानुशतके खाल्ले. त्यांची वर्णने मात्र बहुधा प्रवासी, धर्मप्रसारक, निसर्गाभ्यासक व प्रशासक यांनी लिहिली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये खाद्य कीटकांवरील विस्तृत अहवाल प्रसिद्ध केल्यापासून या विषयाकडे नव्याने लक्ष वेधले गेले आहे. त्या अहवालात सुमारे १९०० खाद्य जातींचा उल्लेख आहे. पुढे २०२१ मध्ये युरोपीय संघाने पिवळ्या पीठकिड्याच्या वाळविलेल्या अळीला नवे अन्न म्हणून मान्यता दिली. या साऱ्या चर्चेत प्रथिने, चारा, पाणी व पर्यावरण यांचा हिशेब भरपूर होतो; चवीचा प्रश्न मात्र ‘बदामासारखी’ किंवा ‘कोळंबीसारखी’ अशा एका शब्दात निकाली काढला जातो. हा एक शब्द कोठून आला, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

अभ्यासाची व्याप्ती व पद्धती

न्यायालयात साक्षीदाराचे कथन जसे उलटतपासणीविना ग्राह्य धरले जात नाही, तसेच जिभेच्या साक्षीचेही आहे. प्रस्तुत लेखात प्रत्येक वर्णनाला तीन प्रश्न विचारले आहेत. पहिला, लेखकाने पदार्थ स्वतः खाल्ला होता काय, की ऐकीव माहिती नोंदविली? दुसरा, कीटक कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या रीतीने सिद्ध केलेला होता? कच्ची अळी व भाजलेली अळी हे जिभेच्या दृष्टीने दोन भिन्न पदार्थ होत. तिसरा, उपमान कोणत्या ताटातून उचलले आहे आणि ते कोणासाठी? या तीन प्रश्नांच्या आधारे ग्रीस-रोम, मेक्सिको, पश्चिम व दक्षिण आफ्रिका, ॲमेझॉन, उत्तर अमेरिका व फ्रान्स येथील निवडक साधने तपासली असून अखेरीस मध्य भारताकडे वळले आहे. सर्व देशांतील कीटकाहाराचा आढावा घेण्याचा येथे हेतू नाही.

उपमेविना वर्णन : ॲरिस्टॉटल आणि प्लिनी

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथाच्या पाचव्या भागात सिकाडा या कीटकाविषयी लिहिले आहे. झाडावर बसून उन्हाळ्यात कर्कश नाद करणारा हा कीटक अप्रौढ अवस्थेत जमिनीखाली असतो. कवच फुटून प्रौढ कीटक बाहेर पडण्यापूर्वीच त्याची चव सर्वांत चांगली असते, असे ॲरिस्टॉटल सांगतो. प्रौढांमध्ये आरंभी नर अधिक चांगले लागतात आणि समागमानंतर पांढऱ्या अंड्यांनी भरलेल्या माद्या अधिक चांगल्या लागतात, अशी पुस्तीही तो जोडतो.

या वर्णनात ‘अमुक पदार्थासारखी’ अशी तुलना नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. अवस्था, लिंग आणि काळ एवढेच भेद ॲरिस्टॉटलला पुरेसे वाटतात. कारण सिकाडा खाणे त्याच्या वाचकाला अपरिचित नव्हते. जो पदार्थ वाचकाच्या जिभेवर आहे, त्याला उपमा द्यावी लागत नाही. त्याचा केवळ हंगाम व प्रत सांगावी लागते. आपल्याकडे आंब्याविषयी बोलताना तो कोणत्या फळासारखा लागतो हे कोणी सांगत नाही; पाडाचा की आढीतला, एवढेच विचारले जाते. ॲरिस्टॉटलचे वाक्य या जातीचे आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याच्या ग्रंथात बदल दिसू लागतो. ओकसारख्या झाडांच्या लाकडात वाढणाऱ्या ‘कॉसस’ नावाच्या मोठ्या अळ्या चोखंदळ रोमन लोकांना प्रिय असून त्यांना पीठ चारून पुष्ट करीत, असे तो नोंदवितो. सिकाडा मात्र त्याच्या लेखी पूर्वेकडील लोकांचे खाद्य ठरतात. धनधान्याने संपन्न असलेले पार्थियनसुद्धा ते खातात, असे तो सांगतो. या ‘सुद्धा’मध्ये आश्चर्य आहे. गरज नसता कोणी कीटक का खावा, हा पुढील दोन सहस्रकांत वारंवार विचारला गेलेला प्रश्न येथे बीजरूपाने आढळतो. विशेष म्हणजे पीठ चारून वाढविलेल्या स्वदेशीय अळीबाबत तो प्लिनीला पडत नाही.

राजगिरा की कॅव्हियार? : मेक्सिकोचे उदाहरण

खाणाऱ्याची उपमा आणि पाहणाऱ्याची उपमा यांतील अंतर मेक्सिकोच्या एका पदार्थात स्पष्ट दिसते. मेक्सिको खोऱ्यातील टेस्कोको सरोवरात राहणाऱ्या लहान पाणकिड्यांना नाहुआत्ल भाषेत ‘आशायाकात्ल’ म्हणत. पाण्यात ठेवलेल्या गवताच्या जुड्यांवर हे किडे अंडी घालीत. ती अंडी वाळवून, झाडून गोळा करीत व खात. या अंड्यांना ‘आवाऊत्ली’ असे नाव होते. बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मप्रसारकाने स्थानिक नाहुआ विद्वानांच्या साहाय्याने तयार केलेल्या व सुमारे १५७७ मध्ये पूर्ण झालेल्या बृहद् ग्रंथात या सरोवरातील खाद्य जीवांची दखल घेतलेली आहे.

‘आवाऊत्ली’ या शब्दाची प्रचलित फोड ‘पाण्यातला राजगिरा’ अशी केली जाते; ‘आत्ल’ म्हणजे पाणी आणि ‘वाऊत्ली’ म्हणजे राजगिरा. राजगिरा हे त्या समाजाचे मुख्य धान्यांपैकी एक व धार्मिक विधींतही मान असलेले धान्य होते. बारीक, गोल, रवाळ अंड्यांना राजगिऱ्याचे नाव देताना त्या लोकांनी आपल्याच कोठारातील वस्तू उपमान म्हणून निवडली. जिभेवर घोळणारा बारीक कण आणि त्याचे धान्यासारखे मोल या दोन्ही गोष्टी त्या नावात आहेत. पुढे युरोपीय परंपरेतून याच पदार्थाला ‘मेक्सिकन कॅव्हियार’ असे नाव मिळाले. कॅव्हियार म्हणजे स्टर्जन माशाची खारविलेली अंडी, धनिकांच्या मेजवानीतील चैनीची वस्तू.

दोन्ही उपमा आपापल्या परीने खऱ्या आहेत. परंतु पहिलीत तो पदार्थ नित्याचा आहे, तर दुसरीत अपूर्वाईचा. इतिहासकाराने दुसरीच उपमा प्रमाण मानली, तर एका समाजाचे धान्यवत् अन्न त्याला केवळ विलासी खाद्य वाटेल, आणि हा दोष तपशिलाचा न राहता आकलनाचा ठरेल.

साखर, साय आणि बदाम : अठरावे शतक

मारिया सिबिला मेरियान या चित्रकार व निसर्गाभ्यासक स्त्रीने सुरिनाममधील कीटकांवरील आपला सचित्र ग्रंथ १७०५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध केला. ताडवर्गीय झाडांत वाढणारी सोंड्या भुंग्याची अळी तेथील लोक निखाऱ्यावर भाजून रुचकर खाद्य म्हणून खातात, असे ती नोंदविते. येथे सिद्ध करण्याची रीत व खाणाऱ्यांचे मत या दोहोंची नोंद आहे. लेखिकेने स्वतःचे उपमान मध्ये आणलेले नाही.

याउलट हेन्री स्मिथमन याची साक्ष स्वानुभवाची आहे. १७७१ मध्ये तो नमुने गोळा करण्यासाठी पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे गेला व पुढे वेस्ट इंडिज बेटांवरही राहिला. वाळवीवरील त्याचा प्रसिद्ध निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७८१ मध्ये छापला गेला. पाण्यात पडलेली पंखधारी वाळवी गोळा करून स्थानिक लोक ती लोखंडी भांड्यात मंद आचेवर, कॉफीच्या बियांप्रमाणे सतत हलवीत भाजतात आणि काहीही न घालता मुठीमुठीने खातात, असे तो सांगतो. आपण स्वतः ती अनेकदा खाल्ली असून ती रुचकर, पौष्टिक व आरोग्यास हितकर असल्याचा निर्वाळा तो देतो. चवीसाठी साखर घातलेली हाडातील मज्जा, साखर घातलेली साय आणि गोड बदामाचा लगदा ही उपमाने योजली गेली आहेत.

या उपमा कोठल्या ताटातील आहेत, हे वेगळे सांगावयास नको. मज्जा, साय, बदाम, साखर आणि कॉफी हे अठराव्या शतकातील इंग्लंडमधील सुखवस्तू घरचे पदार्थ होत. त्यांतील साखर त्या काळी मुख्यतः वेस्ट इंडिजमधील गुलामांच्या श्रमातून येत असे, आणि ते गुलाम ज्या किनाऱ्यांवरून नेले जात त्यांपैकीच एका किनाऱ्यावर बसून स्मिथमन वाळवीची चव घेत होता. आफ्रिकी माणसाच्या मुठीतील वाळवीला गोडीचे मोल मिळते ते लंडनच्या साखरेच्या आधाराने. स्मिथमनचे वर्णन खोटे नाही. पण ज्यांची वाळवी, त्यांचा शब्द त्यात नाही.

मात्र ही उपमा निव्वळ लेखकाची कल्पना म्हणूनही सोडून देता येत नाही. उड्डाणासाठी बाहेर पडणाऱ्या पंखधारी वाळवीच्या शरीरात स्निग्धांशाचे प्रमाण मोठे असते. मज्जा व साय यांची आठवण होण्यास हा स्निग्धांश कारण आहे. भाजताना प्रथिने व शर्करा यांच्या संयोगातून खरपूस वासाची द्रव्ये तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार याने १९१२ मध्ये या प्रक्रियेचे वर्णन केले. भाजलेला बदाम, भाजलेला दाणा व भाजलेली वाळवी यांच्या वासातील साम्याचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे. ‘कोळंबीसारखी’ या तुलनेलाही असाच आधार आहे. कीटक व कोळंबी हे दोघेही संधिपाद प्राणी असून दोघांचे कवच कायटिनचे असते. तात्पर्य, उपमेत वस्तूही बोलते आणि वक्ताही बोलतो. दोघांचे आवाज वेगळे करणे हे साधनचिकित्सेचे काम होय.

पटवून देण्यासाठी केलेले वर्णन : एकोणिसावे शतक

एकोणिसाव्या शतकात वर्णनांचा सूर बदलतो. विल्यम कर्बी व विल्यम स्पेन्स यांच्या कीटकशास्त्रावरील ग्रंथाचा पहिला खंड १८१५ मध्ये निघाला. त्यात मुंग्यांची चव स्वानुभवाने सांगितली आहे. मुंगी अप्रिय लागत नाही, ती सुखद आंबट असते आणि तिच्या शरीराच्या मधल्या व मागच्या भागांची चव निरनिराळी असते, असा सूक्ष्म भेद तेथे केला आहे. या आंबटपणामागील आम्लाचा शोध जॉन रे याने १६७१ च्या सुमारास मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनावरील लेखातून प्रसिद्ध केला होता. प्रयोगशाळेतील ज्ञान व जिभेचे ज्ञान येथे एकत्र येते.

आल्फ्रेड रसेल वॉलेस याने ॲमेझॉन खोऱ्यातील आदिवासींच्या कीटकाहारावर १८५४ च्या सुमारास एक स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले. पंखधारी मोठ्या मुंगीला डोक्याशी धरून तिचे पोट दातांनी तोडून खाण्याच्या रीतीला तो देठाशी धरलेल्या स्ट्रॉबेरीची उपमा देतो. उपमा हस्तलाघवाची आहे, चवीची नाही. तरीही इंग्रज वाचकाच्या मनातील किळस ती क्षणभर थांबविते. उपमेचे हे दुसरे कार्य होय. ती अपरिचिताचा परिचय करून देते तशीच तिरस्काराला आवरही घालते.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या १८५७ मधील प्रवासग्रंथात या विषयावरील सर्वांत प्रांजळ साक्ष आढळते. टोळांची चव पालेभाजीसारखी असून ते ज्या वनस्पतींवर चरतात त्यांप्रमाणे ती बदलते, असे तो म्हणतो. उकडलेले टोळ त्याला आवडत नाहीत. भाजून कुटलेले, मीठ लावलेले पीठ मात्र रुचकर लागते व कित्येक महिने टिकते. भाजलेले टोळ कोळंबीपेक्षा आपण अधिक पसंत करू, परंतु शक्यतो दोन्ही टाळू, असेही तो लिहितो. येथे उपमान स्वतःच नावडते आहे. त्यामुळे या तुलनेत शिफारस नाही, उलट एक प्रकारची निःपक्षपाती नोंद आहे.

याच ग्रंथात एक प्रसंग आहे. बायेये लोकांचा प्रमुख पालानी भेटीस आला असता लिव्हिंग्स्टनने त्याला पाव व जर्दाळूचा मुरंबा दिला. पाहुण्याला तो आवडलेला पाहून, असे काही तुमच्या मुलखात आहे काय, असे त्याने विचारले. पालानीने उलट विचारले, की तुम्ही कधी पांढऱ्या मुंग्या, म्हणजे वाळवी, खाल्ली आहे काय? नाही म्हणताच तो उत्तरला, की खाल्ली असती, तर याहून चांगले काही खाण्याची इच्छाच तुम्हांला झाली नसती.

येथे तुलनेची दिशा उलटली आहे. आतापर्यंत वाळवीला बदामाच्या मापाने मोजले जात होते. पालानी जर्दाळूला वाळवीच्या मापाने मोजतो. त्याच्या मते उपमान वाळवी आहे आणि मुरंबा हा उपमेय. या प्रसंगावरही मर्यादा आहेतच. पालानीचे शब्द लिव्हिंग्स्टनच्या लेखणीतून, दुसऱ्या भाषेतून आपल्यापर्यंत आले आहेत. आणि वाळवी कशी लागते हे त्याने सांगितलेले नाही, तिचे स्थान तेवढे सांगितले आहे. तथापि खाणाऱ्याचे स्वतःचे मोजमाप अस्तित्वात होते, याचा हा निःसंदिग्ध पुरावा आहे. ते कोणी विचारून घेतले नाही, एवढेच.

अमेरिकेतील मिसुरी राज्याचा कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली याने १८७५ मध्ये वॉरन्सबर्ग येथे टोळांचे पदार्थ रांधून लोकांना खाऊ घातले. रॉकी पर्वतातील टोळधाडींनी तेव्हा शेतकऱ्यांचे कंबरडे मोडले होते. कच्च्या टोळाची चव उग्र असते, पण तळला वा भाजला असता तो दाण्यासारखा खमंग लागतो, असे त्याचे निरीक्षण होते. रायलीची साक्ष उपासमारीवरील उपाय सुचविणाऱ्या अधिकाऱ्याची आहे. तिच्यात चवीचा गौरव थोडा अधिक असणे संभवते. पण आता तिची पडताळणी करता येणार नाही, कारण ती टोळाची जात नामशेष झाली असून तिचे जिवंत नमुने शेवटचे १९०२ मध्ये मिळाले. त्या टोळाची चव म्हणजे आज केवळ रायलीसारख्यांचे शब्द. चवीचे वर्णन हे एकमेव साधन कसे ठरू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

व्हिन्सेंट होल्ट याची ‘कीटक का खाऊ नयेत?’ असा प्रश्न विचारणारी पुस्तिका १८८५ मध्ये लंडन येथे निघाली. स्वच्छ पाला खाणारी अळी त्याज्य आणि कुजके मांस खाणारा शेवंड मेजवानीत मान्य, ही विसंगती तो दाखवितो. ग्रामीण मजुरांनी कीटक खावेत असा त्याचा आग्रह असला, तरी पुस्तिकेतील भोजनपत्रिका इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही दिल्या आहेत. उपाशी मजुरासाठी सुचविलेले अन्न प्रतिष्ठितांच्या भाषेत वाढले, म्हणजे ते स्वीकारले जाईल, ही त्यामागील धारणा होय. मजुराला ते कसे लागेल, हा प्रश्न तेथेही बाजूलाच राहिला.

पडताळणीचा प्रयत्न : फाब्र

प्राचीन ग्रंथातील चव-वर्णन प्रयोगाने तपासण्याचे श्रेय झाँ-आंरी फाब्र या फ्रेंच कीटकाभ्यासकाला द्यावे लागेल. ॲरिस्टॉटलच्या विधानाची परीक्षा घेण्यासाठी त्याने घरच्या मंडळींसह पहाटे शोध घेऊन, जमिनीतून नुकतेच वर आलेले सिकाडा मिळविले. बऱ्याच खटपटीनंतर हाती लागले अवघे चार. ऑलिव्ह तेल, चिमूटभर मीठ व थोडा कांदा घालून ते तळले. चव खाण्याजोगी होती, किंचित कोळंबीची आठवणही झाली. परंतु पदार्थ अतिशय चिवट, रसहीन, चर्मपत्र चघळल्यासारखा निघाला. ॲरिस्टॉटलने गौरविलेला हा पदार्थ आपण कोणाला सुचविणार नाही, असा निकाल फाब्रने दिला.

पुढे त्याने प्लिनीच्या ‘कॉसस’चाही माग काढला. पाइन वृक्षाच्या ओंडक्यात वाढणाऱ्या, लांब शृंगिका असलेल्या भुंग्याच्या अळ्या मीठ लावून निखाऱ्यावर भाजल्या आणि घरच्यांनी व स्नेह्यांनी मिळून खाल्ल्या. ही अळी रसाळ, मऊ व चविष्ट निघाली. तिला भाजलेल्या बदामाची चव व व्हॅनिलाचा पुसट गंध होता. मात्र तिची कातडीही चर्मपत्रासारखी चिवट होती.

फाब्रच्या वर्णनाचे वैशिष्ट्य असे, की त्यात चव, वास व स्पर्श यांचा स्वतंत्र हिशेब आहे. चव चांगली पण स्पर्श वाईट, असे तो म्हणू शकतो. बहुतेक पूर्वसूरींनी या तिन्ही गोष्टी एकाच विशेषणात कोंबल्या होत्या. परंतु एक मर्यादा फाब्रच्याही लक्षात आलेली दिसत नाही. चार कीटकांवरून आणि प्रोव्हान्सच्या तळण्याच्या रीतीने ग्रीक जिभेला खोटे ठरविता येत नाही. ग्रीकांची सिद्ध करण्याची रीत, निवडलेला नेमका क्षण आणि लहानपणापासूनची सवय या तिन्ही गोष्टी प्रयोगाबाहेर राहिल्या. पदार्थ पुन्हा करता येतो, खाणारा पुन्हा करता येत नाही.

वासाचा प्रश्न

चवीपेक्षाही वासाचे वर्णन अधिक निसरडे असते. थायलंड व व्हिएतनाम येथे पाणथळ जागी आढळणारा मोठा पाणकिडा त्याच्या वासासाठीच मोलाचा मानला जातो. नराच्या ग्रंथीतील सुगंधी स्रावाचे थेंब व्हिएतनाममध्ये मसाल्याप्रमाणे वापरले जातात, तर थायलंडमध्ये आख्खा कीटक कुटून मिरचीच्या चटणीत घालतात. बुटेनांट व त्याचा सहकारी यांनी १९५७ मध्ये या स्रावातील प्रमुख द्रव्य ओळखले. द्रव्याचे नाव कळले, तरी त्या वासाला कोणी दालचिनीची, तर कोणी पिकलेल्या फळाची उपमा देतो. वासाचा रेणू एकच असतो, त्याचा अर्थ मात्र घराघरात ठरतो.

महाराष्ट्रातील वाचकाला यासाठी दूर जाण्याची गरज नाही. कोकणात तव्यावर जवळा भाजला जात असता त्या घरी त्याला खमंग म्हणतात, आणि शेजारच्या न खाणाऱ्या घरी त्याच क्षणी खिडक्या लावल्या जातात. वास तोच, शब्द दोन. दोन्ही शब्द खरे असून त्यांपैकी कोणता शब्द लिहिला जातो, हे लेखणी कोणाच्या हाती आहे यावर ठरते.

भारतीय परंपरेतील मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त व कषाय हे षड्रस जिभेचे उत्तम वर्गीकरण आहे; परंतु वास व स्पर्श यांचा निर्देश रसाच्या नावात होत नाही. बोलीभाषा येथे अधिक समृद्ध ठरते. खरपूस, खमंग, करपट, खवट, ओशट, उग्र, कुबट हे वासाचे आणि कुरकुरीत, खुसखुशीत, रवाळ, चिवट, लिबलिबीत, मिळमिळीत हे स्पर्शाचे शब्द मराठीत सहज उपलब्ध आहेत. कीटकाहाराच्या वर्णनासाठी मराठी अभ्यासकाला शब्द उसने घेण्याची आवश्यकता नाही. अर्थात मराठीचे शब्दही खाणाऱ्यांच्या मूळ बोलीतील शब्दांची जागा घेऊ शकणार नाहीत, ही जाणीव ठेवावी लागेल.

आपल्या शेजारचे उदाहरण

झाडाची हिरवी पाने विणून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्या व त्यांची अंडी-पिले यांची चटणी बस्तरमध्ये ‘चापडा’ या नावाने प्रसिद्ध आहे. ओडिशातील मयूरभंज भागातही तशीच चटणी केली जाते. ‘सिमिलीपाल काई चटणी’ या नावाने तिला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गडचिरोली जिल्ह्यातील माडिया समाजातही तांबड्या मुंग्या खाण्याची रीत आहे. घरटे उतरवून मुंग्या झटकणे, मीठ-मिरची घालून त्या वाटणे ही या चटणीची सामान्य रीत होय. मुंगीतील आम्लामुळे चटणीला तीव्र आंबटपणा येतो, तर पांढऱ्या पिलांमुळे तिला स्निग्ध मऊपणा मिळतो.

आता या चटणीविषयी जे लेखन होते, त्यात ती ‘लिंबासारखी’ आंबट असल्याचे वाचावयास मिळते. प्रस्तुत लेखातील चिकित्सा येथे लागू केली, तर असे दिसेल की ‘लिंबासारखी’ हे वाचकाच्या ताटातले उपमान आहे. ज्यांच्या घरी ही चटणी होते, तेथे आंबटपणाचे मूळ माप लिंबू आहे, चिंच आहे, की मुंगीच? जेथे मुंगी हेच माप असेल, तेथे लिंबाला मुंगीसारखे म्हटले जाईल. पालानीने जर्दाळूला लावलेला न्याय तो हाच.

हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. कीटकाहाराची नोंद अनेकदा दारिद्र्याच्या किंवा दुष्काळाच्या प्रकरणात केली जाते. नाइलाजाने खाल्लेले अन्न आणि आवडीने खाल्लेले अन्न यांतील भेद ओळखण्याचे विश्वसनीय साधन म्हणजे त्या अन्नाविषयीची चोखंदळ शब्दसंपदा. कोणत्या झाडावरच्या मुंग्या चांगल्या, कोणत्या महिन्यातील पिले भरलेली, किती वाटावे आणि कधी थांबावे हे जो समाज नेमकेपणाने सांगू शकतो, त्याच्या आहाराला केवळ भुकेचा आहार म्हणता येत नाही. ॲरिस्टॉटलने सिकाडाबाबत केलेला अवस्थाभेद आपण रसिकतेचे लक्षण मानतो. तोच न्याय गडचिरोलीतील आजीबाईंच्या ज्ञानालाही लावला पाहिजे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, उपमा ही लेखक व पदार्थ यांतील अंतराची खूण आहे. जेथे पदार्थ परिचित असतो तेथे उपमेऐवजी अवस्था, हंगाम व प्रत यांचे भेद आढळतात. दोन, बदाम व कोळंबी या वारंवार येणाऱ्या उपमांना रासायनिक व जीवशास्त्रीय आधार असला, तरी त्यांची निवड लेखकाच्या ताटाने व हेतूने ठरविली आहे. तीन, चव, वास व स्पर्श यांची पृथक् नोंद न करणारे वर्णन साधन म्हणून अपुरे आहे. चार, प्राचीन चवीची प्रयोगाने पडताळणी उद्बोधक असते, परंतु निर्णायक नसते. पाच, खाणाऱ्यांचे स्वतःचे शब्द लिखित साधनांत अत्यल्प आहेत.

यांतील पाचवी उणीव भूतकाळापुरती भरून काढता येणार नाही. वर्तमानापुरती ती भरून काढणे शक्य आहे. मध्य भारतातील महाविद्यालयांचे इतिहास, मराठी, प्राणिशास्त्र व गृहविज्ञान हे विभाग एकत्र आले, तर माडिया, गोंडी, हलबी या भाषांतील चव, वास व स्पर्श यांच्या शब्दांचा कोश मौखिक मुलाखतींतून तयार होऊ शकेल. मुलाखत घेणाऱ्याने ‘हे कशासारखे लागते?’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी ‘चांगले कोणते, वाईट कोणते आणि ते कसे ओळखता?’ असे विचारावे. या भाषांतील अनेक ज्येष्ठ मंडळी अद्याप आपल्यात आहेत आणि त्यांना हे प्रश्न आजही विचारता येतात. रॉकी पर्वतातील टोळ खाऊन पाहणाऱ्यांना ते विचारण्याची संधी आता कोणालाच उरलेली नाही.